शांतता क्षेत्र

थोरली परवानगीच्या खिडकीत बसायची. शहरात कुणालाही चार माणसं जमवून रस्त्यावर यायचं असलं की आधी तिच्यापुढे यावं लागे. शाळांची संचलनं, पळण्याच्या शर्यती, पक्षांच्या मिरवणुका, नव्या दुकानापुढे वाजणारे बँड, सगळ्यांचे अर्ज तिच्या हाताखालून जात. त्या दिवशीही एक अर्ज आत सरकला आणि तिने मान वर न करता विचारलं, "मार्ग लिहिलाय का?"

"लिहिलाय, ताई."

तिने वर पाहिलं. समोर धाकटी उभी होती, कामावरचा निळा झगा अंगात तसाच, केस रुमालात बांधलेले.

"सकाळी समोरासमोर बसून चहा प्यायलो आपण. तेव्हा बोलली असतीस तर रांगेत ताटकळावं लागलं नसतं."

"घरी तू बहीण असतेस," धाकटी म्हणाली. "मला खिडकीतली बाई हवी होती."

मागचा माणूस खाकरला. थोरलीने अर्ज वाचला. रुग्णालयाच्या धुलाईघरापासून मुख्य रस्त्याने रुग्णालयाच्या मोठ्या दारापर्यंत निषेध मोर्चा. वाचून झाल्यावर तिने शिक्का उचलला, पण मारला नाही. अर्जाची घडी घालून तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाली, "संध्याकाळी बोलू. पुढचे कोण?"

धाकटी त्या धुलाईघरात कामाला होती. रुग्णालयातल्या चादरी, रुग्णांचे झगे, पडदे, सगळं तिथे धुतलं जायचं. धुतलेल्या चादरी इस्त्रीसाठी तापलेल्या रुळांमधून काढायचं एक यंत्र होतं. हात रुळांच्या जवळ गेला तर यंत्र थांबवणारी आडवी दांडी त्याला असायची. ती कधीच तुटली होती. बायकांनी मुकादमाला सांगितलं होतं, मुकादमाने वर सांगितलं होतं, आणि वरून "बघू" असं उत्तर आलं होतं. एका दुपारी एका मुलीचा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. अंगाने एवढीशी आणि दिवसभर बडबड करणारी, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. ती धाकटीच्याच शेजारी काम करायची. यंत्र बंद करायला धाकटीच धावली होती.

पुढे जे झालं ते त्याहून वाईट. रुग्णालय तर तिथेच, अंगण ओलांडलं की मोठं दार. पण त्या दिवशी पाहुणे यायचे होते, दारात गालिचा टाकलेला होता. पहारेकऱ्याने स्ट्रेचर वळवून मागच्या दाराने न्यायला लावलं. मागच्या दाराला कुलूप होतं. किल्ली शोधण्यात किती वेळ गेला यावर पुढे बराच वाद झाला. चिमणी काही दिवस तगली आणि गेली. रुग्णालयाने चौकशी करून निष्कर्ष काढला: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.

संध्याकाळी थोरलीने तो अर्ज स्वयंपाकाच्या ओट्यावर पसरला आणि पेन्सिल घेतली. आई गेल्यापासून धाकटीला तिनेच वाढवलं होतं. शाळेचा अभ्यासही ती असाच घ्यायची, शेजारी बसून, चुकेल तिथे खाली रेघ मारत.

"हे असं गेलं ना, तर साहेब पहिल्याच फटक्यात नामंजूर करतील. रुग्णालयाभोवती शांतता क्षेत्र आहे."

"आम्ही ओरडणार नाही."

"निषेध मोर्चा म्हटलं की ओरडणार असंच धरतात. श्रद्धांजली फेरी लिही."

"श्रद्धांजली द्यायला नाही चाललो आम्ही. ती दांडी का लावली नाही ते विचारायला चाललोय."

"ते मनात विचार. कागदावर श्रद्धांजली." थोरली तिच्याकडे न बघता बोलत होती. "हे बघ, मी रोज बघते. ज्यांना सगळं हवं असतं त्यांच्या हाती काहीच लागत नाही. थोडं खाली आलीस तर निदान रस्त्यावर तरी उतराल."

धाकटीला ते पटलं. ताईचं नेहमीच पटायचं. तिने 'निषेध' खोडलं.

मग मुख्य रस्ता गेला, कारण तिथे वाहतूक असते. त्याच्या जागी रुग्णालयाच्या मागच्या भिंतीलगतचा रस्ता आला. मग कामाचा दिवस गेला, कारण भेटीच्या वेळी रुग्णांच्या नातेवाइकांची गर्दी असते; रविवारची सकाळ ठरली. फलकावरचा मजकूर आधी दाखवावा लागेल, तर मग फलकच नकोत, नुसता चिमणीचा फोटो पुरे. आणि शेवटी मोठं दार.

"दारासमोर जमाव थांबला की ती सभा होते," थोरली म्हणाली. "सभेचे नियम वेगळे. तुम्ही चालत राहा. मागच्या दारावरून जा आणि धुलाईघरापाशी परत या."

"चिमणीची आई एवढंच मागतेय, ताई. त्या मोठ्या दारासमोर घटकाभर उभं राहायचं. जिथून तिच्या मुलीला आत घेतलं नाही तिथे."

"त्यांना समजावून सांग."

"काय सांगू?"

"सांग की अर्धं तरी पदरात पडतंय."

धाकटीने समजावलं. चिमणीची आई सगळं ऐकून घेत होती, मान हलवत होती. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे फिरायला जायचं का आपण?" अर्जासोबतच्या हमीपत्रावर धाकटीची एकटीची सही होती. फेरीतल्या कुणीही नियम मोडला तर जबाबदार ती, नोकरीसकट.

परवानगी मिळाली. शुक्रवारी साहेबांनी थोरलीला आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर तोच अर्ज होता, थोरलीने स्वतः नीट लिहून दिलेला.

"तुमची बहीण आहे का ही? अर्ज असा असावा बघा. कुठे बोट ठेवायला जागा नाही." त्यांनी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. "पण एक सांगा, एवढं आडबाजूला कशाला चालल्या आहेत या? रविवारी त्या रस्त्यावर कुत्रंही नसतं."

"शांतता क्षेत्र आहे ना, साहेब. मोठ्या दाराशी परवानगी नाही."

"कोण म्हणतं? शांतता क्षेत्रात आवाज करायला बंदी आहे, ध्वनिक्षेपक, घोषणा, बँड. गुपचूप चालायला कसली बंदी? दारासमोर दोन मिनिटं मूक उभं राहायलाही मी देतो की. गेल्या वर्षी डॉक्टरांनाच दिलं होतं." मग ते हसले. "मागितलं असतं तर दिलं असतं. तुम्ही मागितलंच नाही."

थोरली कागद घेऊन बाहेर आली. खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की डॉक्टरांचा तो अर्ज तिच्याच खिडकीतून आत गेला होता. डॉक्टरांना तिने काही सुचवलं नव्हतं. घेतला, शिक्का मारला, पुढे पाठवला. इतकी वर्षं लोकांचे अर्ज कापून, छाटून, घासून गुळगुळीत करताना नियम कुठे संपतो आणि आपली भीती कुठे सुरू होते हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. आणि सगळ्यात जास्त कात्री तिने घरच्याच अर्जाला लावली होती.

आता बदल करायचा म्हणजे नवा अर्ज, नवी मुदत. बायकांनी रविवारसाठी पाळ्या बदलून घेतल्या होत्या, बाहेरगावच्या नातेवाइकांना निरोप गेले होते. थोरली घरी आली आणि परवानगीचा कागद धाकटीच्या हातात दिला. धाकटीने तिला मिठी मारली. थोरलीने चहाचं आधण ठेवलं.

रविवारी ठरल्याप्रमाणे सगळं झालं. दोन्ही बाजूंची दुकानं बंद. एका गॅलरीत एक माणूस दात घासत उभा होता. त्याने चूळ भरली आणि आत गेला. बायका निळे झगे घालून रांगेने चालत होत्या, पुढे फोटो घेऊन चिमणीची आई, तिच्या बाजूला धाकटी. बरोबर दोन पोलीस होते, तेही कंटाळलेले. थोरली पलीकडच्या फुटपाथवरून समांतर चालत होती. आपण बहीण म्हणून आलो की कार्यालयाचं माणूस म्हणून, तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

मागच्या दारापाशी चिमणीची आई थांबली. दाराला तेव्हाही कुलूप होतं. तिने फोटो छातीशी धरला आणि ती खाली बसली. मागची रांग थबकली.

पोलीस धाकटीजवळ आला. बोलणं सभ्य होतं. "ताई, थांबायचं नाही असं लिहिलंय. सही तुमचीच आहे ना?"

"दमल्या असतील. जरा बसू द्या."

"मग तसं वर कळवावं लागेल मला."

धाकटीने एकदा रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या घरी चूल त्याच धुलाईघरावर पेटत होती. ती वाकली, म्हातारीच्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "मावशी, उठा. चालायचंय आपल्याला."

"घटकाभर, बाळ."

"नाही मावशी. उठा."

म्हातारी उठेना, तेव्हा धाकटीने तिला ओढून उभं केलं. फोटोची चौकट भिंतीवर आपटली. रांग पुन्हा चालू लागली. दुपारच्या जेवणाआधीच सगळं आटपलं.

घरी आल्यावर धाकटी झगा न काढताच ओट्याशी बसली. थोरलीने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"मी ओढलं मावशींना," ती म्हणाली. "त्या दारात त्यांच्यावर कुणी हात टाकला, तर तो मीच."

थोरलीला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही. तिने साहेबांचं बोलणं सांगितलं, शब्द न बदलता. धाकटीने सगळं ऐकून घेतलं.

"तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"मी मिठी मारली तेव्हा तुला माहीत होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही परवानगी नसताना मोठ्या दारावर गेला असता. नोकरी गेली असती तुझी."

"गेलो असतो," धाकटी म्हणाली. "तेवढं ठरवायचं तरी आमच्याकडे ठेवायचं होतंस."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी भांडताही येत नाही."

त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या सूचनाफलकावर एक मजकूर लागला. दिवंगत सहकाऱ्याला कामगारांनी शिस्तीत आणि शांततेने श्रद्धांजली वाहिल्याबद्दल व्यवस्थापन आभारी आहे. या विषयावर आता पडदा पडला आहे. आडवी दांडी नंतर बसवली गेली, पण ती का नव्हती हे कुणी सांगितलं नाही आणि निष्काळजीपणाचा शेराही तसाच राहिला. धाकटीने मोठ्या दारासाठी दुसरा अर्ज केला. या वेळी तो तिने टपालाने पाठवला. साहेबांनी नामंजूर केला: एकाच विषयावर एका वर्षात दुसरी फेरी देता येत नाही, आणि पहिली तर विनातक्रार पार पडली होती. हा नियम मात्र खरोखरच होता. थोरलीने तीनदा वाचून पाहिला.

धाकटी चिमणीच्या आईकडे राहायला गेली. भांडण असं झालंच नाही. कपडे भरताना ती म्हणाली, "तिला सोबत लागते," आणि थोरलीने तिला पिशवी शोधून दिली. रस्त्यात भेट झाली की धाकटी थांबायची, तब्येत विचारायची, बाहेरच्या बाईची विचारावी तशी.

काही महिन्यांनी थोरली कार्यालयातून लवकर निघाली होती. बस रुग्णालयावरून जात होती. भेटीची वेळ होती, मोठ्या दारात माणसांची ये-जा चालू होती, आणि पायऱ्यांच्या कडेला चिमणीची आई एकटीच उभी होती, फोटो घेऊन. पहारेकरी तिला काहीतरी सांगत होता. थोरली पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आली.

"एका माणसाला परवानगी लागत नाही," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "एकटं माणूस म्हणजे जमाव नव्हे. उभं राहू द्या त्यांना."

"तुम्ही कोण?"

थोरलीने कार्यालयाचं नाव सांगितलं. पहारेकरी जरा वरमला, मग बोलला, "मॅडम, त्या एकट्या होत्या तोवर मीही गप्पच होतो. वरून फोन आलाय म्हणून आलो. आता तुम्हीही आलात. दोघी झाल्यावर मी वर काय सांगू?"

चिमणीच्या आईने थोरलीकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते कळलं नाही.

"तू जा बाई," ती म्हणाली. "मी एकटीच बरी."

थोरली रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेली. पहारेकरी थोडा वेळ घुटमळला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. भेटीला आलेल्या एका बाईने पिशवीतून रुग्णासाठी आणलेलं सफरचंद काढलं आणि जाता जाता म्हातारीच्या हातात ठेवलं. म्हातारीने त्या फळाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, पण तोवर बाई आत निघून गेली होती. एका हातात फोटो आणि दुसऱ्या हातात सफरचंद घेऊन ती तशीच उभी राहिली. समोरून थोरलीची बस आली आणि तिला न घेताच गेली.