सात बोटांचं आसन

माझी बायको एकतीस वर्षं जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात फलक लिहीत होती. काचेच्या कपाटाशेजारी छोटी पाटी असते, ही तलवार कुणाची, हा पलंग कुठल्या काळातला, ते सांगणारी. ते कुणीतरी लिहावं लागतं. फलक चार ओळींच्या वर गेला तर माणूस वाचत नाही, असं ती म्हणायची, आणि त्या चार ओळींसाठी चार चार महिने घालवायची. मी सुतार. चार महिन्यांत मी एका घराचं सगळं फर्निचर करून देतो. यावरून आमची रोजची थट्टा चालायची. ती मला "अहो मिस्त्री" म्हणायची, मी तिला "चार ओळीवाल्या बाई".

ती गेली त्याला आता पाच महिने झाले. मी सांगतोय ते चौथ्या महिन्यातलं.

एका सोमवारी सकाळी संग्रहालयाच्या संचालकबाईंचा फोन आला. या बाई एके काळी माझ्या बायकोच्या हाताखाली शिकलेल्या. तिला ताई म्हणायच्या, म्हणून मला भावोजी.

"भावोजी, चहा झाला?"

"झाला. बोला."

"दरबार दालन पुन्हा उघडतोय. सगळे फलक नवे करतोय. शुक्रवारी कोरायला जाणार. एकच अडलाय."

मला विचारायची गरज नव्हती. "छोटं आसन," मी म्हणालो.

"तेच. ताईंनी वीस वर्षं माझ्याशी भांडण केलं त्यावरून. त्यांचं म्हणणं लिहायला माझी ना नाही. पण मला काहीतरी हातात द्या. त्यांच्या वह्यांमध्ये बघा ना. नाहीतर जुनाच फलक परत लावावा लागेल."

"तुम्हाला तिच्यावर विश्वास नाही का?"

"ताईंवर माझा जीव होता, भावोजी. पण फलकावर जीव लिहिता येत नाही. पुरावा लिहावा लागतो."

बोलणं चोख होतं. बायको असती तर तिनंही हेच सांगितलं असतं, म्हणून मला जास्त लागलं.

भांडण काय होतं ते सांगतो. त्या राजघराण्यात गादीच्या वारसाला 'आसनधारी' अशी पदवी होती. दरबारात सिंहासनाच्या उजव्या हाताला एक बुटकं आसन आहे, ते या आसनधारीचं. जुना फलक सांगतो की ही पदवी थोरल्या राजपुत्राला जन्मतःच मिळायची, आणि आसन लहान मुलासाठी केलेलं म्हणून बुटकं. बायकोचं म्हणणं, साफ चूक. पदवी जन्मानं मिळायला लागली ती फार नंतर. आधी ती कमवावी लागायची. ते कसं, हे ती मला सांगायची, पण ते मला नीट आठवत नव्हतं. तिनं एकदा नव्हे, दहादा सांगितलं असेल. मी "हं, हं" म्हणत कुणाच्या तरी खणाच्या मापाचा विचार करत असायचो. याला दुसरं कारण नाही. ती आहे आणि उद्याही सांगेल, असं धरून चाललो होतो.

त्या दुपारी मी वह्या काढल्या. खिडकीशी तिचं टेबल आहे, तिथंच बसलो. मी बुटका, ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिच्या टेबलाशी बसलो की माझी हनुवटी टेबलाला लागते असं ती सगळ्यांना सांगायची. लागत नाही, पण खांदे वर होतात.

वह्या नऊ होत्या. अक्षर सुंदर, समासात शंका. सहाव्या वहीत आसन सापडलं. दरबाराची जुनी रोजनिशी तिनं उतरवून घेतली होती. पहिल्या राजांच्या काळात घराण्यातलं एक मूल निवडून त्या बुटक्या आसनावर बसवत. मुलगा, पुतण्या, एकदा तर भाची. मुलानं वर्षभर बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, मध्ये बोलायचं नाही. वर्षाच्या शेवटी राजा विचारणार, अमक्या महिन्यात कुंभार काय सांगत होते? नावाड्यांचं काय म्हणणं होतं? आठवलं, तर आसन एक बोट वाढवायचं. अशी सात बोटं वाढली की आसन सिंहासनाच्या उंचीला येतं, आणि त्या दिवशी मूल आसनधारी होतं. त्याआधी नाही.

एक नोंद तिनं दोनदा उतरवली होती. 'आज आसन वाढवलं नाही. कुंभारांची तक्रार चालू असता झोप लागली.' खाली तिच्या हातचं, 'बिचारं!'

पुढं पाचव्या पिढीतल्या राजानं घाई केली. मुलगा पाळण्यात असतानाच त्याला आसनधारी म्हणवलं. मग पदवी राहिली, बसणं गेलं.

मला हे वाचताना फार बरं वाटत होतं. ती शेजारी बसून सांगतेय आणि मी पहिल्यांदा पूर्ण ऐकतोय असं. मग पान उलटलं. तिथं लिहिलं होतं, 'रोजनिशी म्हणते आसन वाढवलं. आसनावर त्याची एक खूण नाही. पाय खालून स्वच्छ, एकसंध. खोटं कोण बोलतं, रोजनिशी की आसन?' त्याखाली दोन रेघा.

मी वही मिटून ठेवली.

खोटं आसन बोलत होतं, आणि त्याला खोटं बोलायला मी शिकवलं होतं.

चौतीस वर्षांपूर्वी ते आसन राजवाड्याच्या बंद कोठारातून थेट माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं, दरबारात मांडलं ते त्यानंतर. मी पंचविशीचा. चारही पायांखाली लाकडाच्या चकत्यांची चळत होती, एकीवर एक, प्रत्येकीचा रंग वेगळा, मधून एक खुंटी ठोकलेली. मला वाटलं कुणा अडाण्यानं वेळोवेळी ठिगळं मारलीत. तेव्हाचे संचालक म्हणाले, "खालचं ते ओंगळ काढून टाका." मी खुंट्या कापल्या, चळती उतरवल्या, भोकांत त्याच जातीचं लाकूड त्याच रेषेत बसवलं, घासून पॉलिश केलं. जोड दिसेल तर शपथ. काम बघायला संग्रहालयात लागून तीनच वर्षं झालेली एक उंच मुलगी आली. खालून काय काढलंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. खाली वाकून तिनं पायांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथं काही केलंय असं वाटतच नाही." त्या एका वाक्यावर मी तिच्याशी लग्न केलं असं म्हटलं तरी चालेल. पुढं दहा-बारा वर्षांनी तिनं रोजनिशी वाचायला घेतली तेव्हा मी ती दुरुस्ती विसरून गेलो होतो, आणि संग्रहालयाच्या दप्तरात फक्त 'साफसफाई व पॉलिश' एवढंच होतं.

माझं सगळ्यात चांगलं काम म्हणून मी जे मिरवलं, त्यानंच तिची वीस वर्षं खाल्ली.

मुलगी संध्याकाळी आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. ती माझ्याच कारखान्यात गाद्या-खुर्च्या मढवायचं काम करते, आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा तिखट आहे. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आई जो पुरावा शोधत होती तो बाबानं रंधून टाकला."

"कापला. रंधला नाही."

"वा! मग काहीच बिघडलं नाही." मग माझं तोंड बघून ती नरमली. "चकत्या काय केल्यास?"

"टाकल्या असतील."

"तू? बाबा, तू वाकडा खिळा टाकत नाहीस. माझ्या पाळण्याच्या दोऱ्या अजून डब्यात आहेत."

ते खरं होतं. मंगळवार आणि बुधवार आम्ही कारखाना उलथा केला. खुंट्यांचे डबे, फळ्यांचे तुकडे, माळ्यावरची पेटी. काटकोन बघायचा माझा हरवलेला गुण्या मिळाला, शेजाऱ्यानं आठ वर्षांपूर्वी मागितलेली पटाशी मिळाली, जी माझ्याकडे नाहीच असं मी त्याला शपथेवर सांगितलं होतं. चकत्या मिळाल्या नाहीत.

बुधवारी संध्याकाळी हरून घरी आलो. मी संचालकबाईंना फोन लावायला घेतला. कबूल तरी करावं, की ती बरोबर होती आणि खूण मी पुसली. माझ्या शब्दावर फलक होणार नाही, हे मला माहीत होतं. मुलगी आईच्या खुर्चीवर बसून वह्या एकावर एक रचत होती. तिची पेन्सिल खाली पडली. ती टेबलाखाली वाकली, आणि बराच वेळ वर आलीच नाही.

"बाबा."

"काय?"

"आईचं टेबल उंच कधी केलंस?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी. शाळेतलं जुनं टेबल होतं, तिचे गुडघे अडकायचे. तिनं कुरकुर केली म्हणून मी पायांखाली..."

फोन तसाच ठेवून मी गुडघ्यांवर टेबलाखाली शिरलो. बापलेक दोघं खाली, डोक्याला डोकं. चार पाय, चार चळती. मीच काळपट पॉलिश मारून टेबलाच्या रंगाशी मिळवल्या होत्या. पुढच्या दोन झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, कारण लिहिताना पायांचे अंगठे त्यांवर टेकवायची तिला सवय होती.

मुलगी आधी हसली. मग रडली. मग पुन्हा हसायला लागली आणि म्हणाली, "वीस वर्षं शोधत होती, आणि पाय त्यावरच ठेवून!"

मीही हसलो. ती गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा.

टेबल आडवं करून आम्ही चळती काढल्या. चौतीस वर्षांपूर्वी मी चकत्या सुट्या केल्याच नव्हत्या, अख्खी चळत उचलून इकडून तिकडे लावली होती. आता एका चळतीची मधली खुंटी हळू ठोकून बाहेर काढली. सात चकत्या वेगळ्या झाल्या. प्रत्येकीच्या पोटावर पटाशीनं ओढलेल्या रेघा होत्या. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, अशा सातवीपर्यंत. कुणा सुतारानं दर वर्षी एक चकती घातली होती आणि मोजदाद लिहून ठेवली होती. रंग वेगळे, कारण लाकूड दर वर्षीचं वेगळं. मी त्याला अडाणी म्हटलं होतं. मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

गुरुवारी सकाळी आम्ही चकत्या खोक्यात घालून राजवाड्यात गेलो. दालनात शिडी, रंगाचे डबे, नव्या दिव्यांच्या तारा. संचालकबाईंनी आमच्यासमोर सहावी वही वाचली, मग चकत्या बघितल्या, मग मला म्हणाल्या, "भावोजी, या सापडल्या कुठं?"

मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्या ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता खरमरीत ऐकावं लागणार.

"म्हणजे ताई माझ्याशी वीस वर्षं भांडल्या," त्या म्हणाल्या, "आणि चोर घरात."

"चोर घरात," मुलगी म्हणाली. "जेवायलाही तिथंच."

"हसू नका. आधी माप घेऊ."

आसन चौघांनी उचललं, मी चळती खाली सरकवल्या. सिंहासनाच्या बैठकीवरून आसनाच्या बैठकीवर लांब सरळ पट्टी टाकली, त्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा जरा डगमगला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला. तारा ओढणारा वायरमन शिडीवरूनच म्हणाला, "काय फिट बसलंय!"

संचालकबाईंनी चष्मा काढून पुसला. नंतर जरा वेळानं पुन्हा पुसला. "मी हरले, ताई," त्या म्हणाल्या, आणि ते आम्हा दोघांना उद्देशून नव्हतं.

फलक तिच्या वहीतलाच घेतला. तिनं तो लिहूनच ठेवला होता, चारच ओळी. 'आसनधारी ही पदवी आधी जन्मानं मिळत नसे. जो ऐकेल आणि लक्षात ठेवील, त्याचं आसन दर वर्षी एक बोट वाढे. सात बोटांनी ते सिंहासनाला लागे. पुढं पदवी वारशानं मिळू लागली आणि आसन वाढवणं थांबलं.' खाली तिचं नाव. संचालकबाईंना पाचवी ओळ घालायची होती, की चकत्या दुरुस्तीत निघाल्या आणि एका लिहिण्याच्या टेबलाखाली जपल्या गेल्या. मी म्हणालो, "चारच्या वर कुणी वाचत नाही." त्यांनी ती ओळ दप्तरात लिहिली. 'साफसफाई व पॉलिश'च्या शेजारी, माझ्या सहीनं.

दालन उघडल्यावर एका रविवारी मी गेलो होतो. बाकावर बसलो. लोक सिंहासन बघून पुढं जात होते. एक आजी नातीला घेऊन आल्या. नातीनं फलक मोठ्यानं वाचला, मग जमिनीवर बसून एका पायाच्या चकत्या बोटानं मोजल्या. "आजी, सात आहेत! पण ऐकता ऐकता तो मुलगा झोपला असता तर?"

"तर सहा," आजी म्हणाल्या.

कुंभारांची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. पण त्या दोघींचं बरं चाललं होतं, मी ऐकत बसलो.

घरी टेबल पुन्हा बुटकं झालंय. मुलगी म्हणाली नव्या चकत्या लाव. मी म्हटलं, असू दे. आता माझे खांदे वर होत नाहीत. हे सगळं त्याच टेबलावर बसून लिहिलंय. चार ओळींत बसलं नाही.