छत्तीस दाते

मोटर गुणगुणत होती, चाक मात्र ढिम्म हलत नव्हतं. बाबांनी कान लावून ऐकलं आणि निदान केलं, "आतली दातेरी चाकं गेली. नायलॉनची असतात. तीन. प्रत्येकाला छत्तीस दाते." चाळीस वर्षं त्यांनी जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळली होती. मोटरीने त्यांना फसवणं शक्य नव्हतं. लेकीला मात्र ते जमत होतं.

इलेक्ट्रिक सायकल चौदा वर्षांची होती. ती बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला होता. दुकानदार म्हणत, "काका, आता नवी घ्या." काकांना नवी नको होती. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून हीच सायकल त्यांचे पाय झाली होती. रोज सकाळी ते तिच्यावरून धाकट्या बहिणीकडे जात, तिच्या चहाला नावं ठेवत दोन कप पीत आणि जेवायला घरी येत.

पण गेल्या दोन महिन्यांत दोनदा ते आलेच नाहीत. एकदा पोलिसाने आणून सोडलं. दुसऱ्यांदा लेकीला ते आपल्या जुन्या वर्कशॉपच्या जागी सापडले. तिथे आता औषधांचं दुकान आहे. बाबा काउंटरवरच्या मुलीकडे शटरची किल्ली मागत होते आणि ती देत नाही म्हणून डाफरत होते.

त्यानंतर चारच दिवसांनी मोटर बिघडली. लेकीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

बाबांच्या हट्टापायी ती चाकं शोधायला गेली खरी, पण मनातून ती मिळू नयेत असंच तिला वाटत होतं. नशीब असं खट्याळ, की तिसऱ्याच ठिकाणी, भंगारवाल्याकडे, त्याच बनावटीची मोडकी सायकल निघाली. त्याने मोटर उघडली. तिन्ही चाकं धडधाकट. "काकांनी माझा पंखा किती वेळा जिवंत केलाय," म्हणत त्याने ती कागदात बांधून दिली. लेकीने पुडी शिलाई मशीनच्या खणात ठेवली आणि बाबांना सांगितलं, "नाही मिळाली."

मग बाबा रोज नवा पत्ता देऊ लागले. त्यातली निम्मी माणसं वारलेली. ती पिशवी घेऊन निघायची, चार गल्ल्या फिरायची आणि हात हलवत परत यायची. "दमलीस ना? असू दे, उद्या मिळतील," असा धीर बाबाच तिला द्यायचे. हे तीन आठवडे चाललं.

एका रविवारी सकाळी तिला भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड सापडेना. बाहेर येऊन बघते तर बाबांनी तो गोल कापला होता आणि कानस घेऊन ते त्याला दाते पाडायला बसले होते. कडेने पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. त्या मोजत एकोणीसपर्यंत यायचे, अडायचे, पुन्हा एकपासून. हाच माणूस पूर्वी गप्पा मारत तारेचे शेकडो वेढे मोजायचा आणि एकही चुकायचा नाही. पाचव्यांदा अडले तेव्हा ते तिच्याकडे बघून ओशाळून हसले.

तिला ते बघवेना. आत जाऊन तिने पुडी आणली. "मिळाली होती, बाबा. मीच लपवली."

बाबा रागावले नाहीत. त्यांनी ते ऐकलंसुद्धा नसावं. दात्यांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "वा, काय छान आहेत."

मग हात चालू लागले. त्यांनी मागचं चाक उतरवलं, मोटरीचं झाकण काढलं, जुन्या ग्रीसचा काळा लगदा पुसला, नवी चाकं बसवली. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले, चाक परत चढवलं. कुठेही अडले नाहीत. लेकीला वाटलं, आपण उगाच घाबरलो. उद्यापासून आपण स्कूटरवरून मागे मागे जाऊ, रस्ता चुकले तर हाक मारू.

बाबांनी हँडलची मूठ पिळली आणि चाक भर्रकन फिरलं. फडक्याला हात पुसत ते म्हणाले, "झालं. आता निरोप दे."

"कुणाला?"

"ज्याची आहे त्याला. किती दिवस अडलं असेल बिचाऱ्याचं."

"बाबा, ही तुमची सायकल आहे."

त्यांनी सायकल वरून खालपर्यंत नीट पाहिली. मग तिची समजूत घालावी तसं हळू आवाजात म्हणाले, "माझी कशी असेल गं? मी कुठे जातो?"

बाबांनी फाटक उघडून ठेवलं, खुर्ची ओढली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसले.