अकराव्या मिनिटाला मावशी

भरवसा ठेवावा अशा गोष्टी जगात फार उरल्या नाहीत, पण सालईच्या तलावावरची विश्वनाथरावांची मोटर त्यांतली एक होती. ती बरोबर अकराव्या मिनिटाला बंद पडायची. दहाव्या नाही, बाराव्या नाही. उन्हाळा असो की थंडी, बोटीत दोन माणसं असोत की सहा, दोरी ओढून सुरू केल्यावर अकरा मिनिटांनी ती एकदा खोकायची, मग दोनदा खोकायची आणि तलावाच्या ऐन मध्यावर गप्प व्हायची. पुढची वीस मिनिटं तुम्ही नारळ फोडा की शिव्या घाला, ती ढिम्म. वीस मिनिटं झाली की पहिल्याच ओढीत सुरू.

बाजाराला निघालेली मावशी जशी वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की पिशवी खाली ठेवून उभी राहते, तशी ही. म्हणून तिचं नावच मावशी पडलं.

विश्वनाथराव सरकारी खात्यात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी काटोल रोडवरच्या या तलावात बोट फिरवायचा परवाना घेतला आणि भंगारातून ही जुनी मोटर आणून बोटीच्या मागे लावली. पहिली काही वर्षं त्यांनी लोकांची बोलणी खाल्ली. बोटीत वल्हं होतं, पण एकच. एका वल्ह्यानं बोट जागच्या जागी गोल फिरते, पुढे जात नाही, हे त्यांना अर्ध्या नागपूरसमोर कळलं.

मग पाच वर्षांपूर्वी धंतोलीतला एक तरुण डॉक्टर आणि बँकेतली एक मुलगी, दोघांच्या घरच्यांनी इथे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ठरवला. मावशी चालू असली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, त्यामुळे जाताना दोघं नुसतीच पाण्याकडे पाहत होती. अकराव्या मिनिटाला मावशी थांबली. तलाव शांत झाला. उठून जायला जागा नाही, आईबापांकडे पाहायला आईबाप नाहीत, मोबाइलला रेंज नाही. विश्वनाथराव मागे मोटरजवळ पाठ करून बसले आणि सज्जन माणसानं करावं तसं त्यांनी कानातलं ऐकू येण्याचं मशीन काढून खिशात ठेवलं. वीस मिनिटांनी किनाऱ्याला लागल्यावर डॉक्टरनं होकार दिला आणि मुलीनं सव्वा महिना विचार करून दिला.

बातमी पसरायला नागपुरात वेळ लागत नाही. तेव्हापासून दर रविवारी तलावावर कार्यक्रम. तिकिटाच्या टिनाच्या शेडमध्ये बावीस लग्नपत्रिका टाचणीनं लावलेल्या होत्या. नकारही झाले होते. पण एका मुलीची आई म्हणाली तेच खरं, की जे चार वर्षांनी कळायचं ते वीस मिनिटांत कळलं, ही काय कमी गोष्ट आहे?

बावीस जोड्या जुळवणाऱ्या विश्वनाथरावांची स्वतःची मुलगी मात्र अठ्ठावीस वर्षांची होऊन घरी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मयुरा ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलायची. तिला पाहायला सहा जण येऊन गेले होते, सगळे घरच्या सोफ्यावर. प्रत्येकानं पोहे खाल्ले आणि लग्नानंतर ही नोकरी सोडणार का, एवढंच विचारलं. विश्वनाथराव तिला दर वेळी सांगत, एकदा तलावावर ये. ती म्हणे, "बाबा, मी तुमच्या बोटीतलं गिऱ्हाईक नाही." खरं तर तिचं मावशीशीच वाकडं होतं. कॉइल गेली आहे, तापली की ठिणगी पडत नाही, निवली की पडते, अर्ध्या तासाचं काम आहे, हे ती पाच वर्षं सांगत होती. विश्वनाथरावांनी तिला मावशीला हात लावू दिला नव्हता.

सातवं स्थळ धरमपेठेतलं. सुमंत नावाचा मुलगा, दवाखान्यात एक्स-रे काढायचा. त्याच्या आईनं, सुहासिनीताईंनी, अटच घातली की कार्यक्रम तलावावरच. त्यांच्या भाचीचं, वैदेहीचं, इथेच जमलं होतं. मयुरा कशी कोण जाणे, हो म्हणाली. बोट मात्र मी चालवणार आणि एकच चक्कर मारणार, एवढं तिनं बजावलं. विश्वनाथराव मनात हसले. चक्कर किती वेळाची हे ठरवणारी मावशी होती.

रविवारी सकाळी पाहुण्यांच्या आधी त्यांनी मोटर सुरू करून पाहिली. धक्क्याला बोट बांधलेली, हातात घड्याळ. अकरा मिनिटं झाली. बारा झाली. पंधरा झाली, तरी मावशी गात होती, आणि आवाजही असा गोड की त्यांनी घड्याळच बंद पडलं की काय म्हणून ते हलवून पाहिलं. वीस मिनिटांनी त्यांनी ती स्वतः बंद केली. अकरा मिनिटांपुढे गेलेली मावशी बंद करायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

मयुरा शेडजवळ हात पुसत उभी होती.

"काय केलं वं तू हे?"

"कॉइल बदलली. जरीपटक्यात भेटली जुन्या पार्टच्या दुकानात. बरोबर बसली."

"मले न विचारता?"

"तुमाले विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"काहून असं केलं पण? आजच?"

मयुरानं चिंधी खांबावर टाकली. "बाबा, मले त्या पोराशी बोलायचं असंन तर मी बोलीन. इंजिननं कोंडून ठेवलं म्हणून कायले बोलू?"

विश्वनाथरावांना राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते जास्त वाईट होतं. ही मुलगी आता कोणालाच होकार देणार नाही, अशी धास्ती त्यांना दोन वर्षांपासून होती. ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

"अवं, पण बोलायचं हाये का नाही, हे कळालेच वीस मिनिटं लागतात," ते म्हणाले. "तुझ्या आईले मी चार मिनिटं पाह्यलं होतं."

"आणि मले तर यांचे नुसते पायच दिसले होते," शेगडीवर पोह्यांची तर्री ढवळत मयुराची आई, सिंधूताई म्हणाल्या. "मान वर करायची सोय होती का?"

जुनी कॉइल शेडमधल्या फळीवर पडलेली होती. पाना घेऊन ती परत बसवावी म्हणून विश्वनाथराव धावले, तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी कॉइल सदऱ्याच्या खिशात टाकली आणि तोंडावर हसू आणून ते पाहुण्यांना सामोरे गेले.

सुमंत उंच होता, पांढऱ्याशुभ्र शर्टात आला होता आणि लाइफ जॅकेटचे पट्टे लावताना दोनदा चुकला. मयुरानं ते नीट करून दिले, पण पंपाला पाइप जोडावा तसे. दोरी ओढली, मावशी पहिल्याच ओढीत सुरू झाली आणि बोट निघाली.

विश्वनाथराव पहिल्यांदाच किनाऱ्यावर उरले. आजवर शंभर बाप इथे उभे राहिले असतील, आणि ते सगळे हातातला चहा न पिता थंड का करतात, हे त्यांना आज कळलं. आज त्यांनी कानातलं मशीन काढलं नाही. उलट आवाज पूर्ण वाढवून ठेवला. तेवढ्यानं सुहासिनीताईंचं कोथिंबीर भरलेली सांबारवडी खाणंही त्यांना गिरणीसारखं ऐकू येत होतं.

"अकराव्या मिनिटाला ना हो?" सुहासिनीताईंनी घड्याळ पाहत विचारलं. "आमची वैदेही सांगते, अगदी घड्याळ लावून घ्यावं."

"हो हो," विश्वनाथराव म्हणाले.

बोट पलीकडे पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडाला वळसा घालून मध्यावर आली. अकरा मिनिटं झाली.

"आता," सुहासिनीताई म्हणाल्या.

मावशी चालतच राहिली.

"बारा झाली हो."

"ऊन कमी हाये आज," विश्वनाथराव म्हणाले. डोक्यावर ऊन असं होतं की टिनाच्या शेडवर पापड भाजला असता.

"तेरा. असं कसं? आमच्या वैदेहीच्या वेळी तर..."

"म्हातारपणी सुधरतात काही काही," सिंधूताई मध्ये पडल्या. "घ्या, अजून एक वडी घ्या."

बोट सरळ धक्क्याकडे येत होती. दोघं दोन टोकांना बसलेली, तोंडं बंद. मावशीच्या आवाजात बोलणार तरी काय? सुमंतनं एकदा ओरडून काहीतरी विचारलं, मयुरानं कानाला हात लावला, त्यानं पुन्हा ओरडून विचारलं आणि मग तिनं ओरडून चार शब्दांत उत्तर दिलं. झालं. सोफ्यावर याच्यापेक्षा जास्त बोलणं व्हायचं. पंधरा मिनिटांत संपलं सगळं, विश्वनाथरावांच्या मनात आलं. बावीस घरं मांडली आणि आपल्याच पोरीच्या वेळी मोटर शहाणी झाली.

धक्का वीस पावलांवर राहिला. सुमंत मोटरकडे हात करून पुन्हा काहीतरी ओरडला. सिंधूताईंनी पदर नीट केला. सुहासिनीताईंनी पर्स उचलली.

आणि बोट वळली.

मयुरानं मोटरचा दांडा पूर्ण दाबला, बोटीनं पाण्यावर मोठा कमानदार फेरा घेतला आणि ती पुन्हा तलावाच्या मध्याकडे निघाली. ऐन मध्यावर पोचल्यावर मावशी थांबली. एकदाही न खोकता, कोणी दिवा मालवावा तशी.

"पडली," सुहासिनीताई म्हणाल्या आणि समाधानानं परत खुर्चीत बसल्या. "म्हटलं होतं ना मी, उशिरा का होईना, पडते. आणा हो, आता थोडी तर्री द्या."

विश्वनाथरावांनी खिशात हात घातला. जुनी कॉइल तिथेच होती. बंद पडणारी वस्तू त्यांच्या खिशात होती, मग तलावात जे बंद पडलं ते काय होतं, हे त्या सगळ्या किनाऱ्यावर फक्त त्यांना आणि सिंधूताईंना कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तर्री तिखट झाली असं बायकोला सांगितलं, आणि बायकोनं त्यांच्या रिकाम्या प्लेटकडे पाहून हो म्हटलं.

वीस मिनिटं झाली. तीस झाली. लांबून एवढंच दिसत होतं की मोटरचं झाकण निघालं आहे आणि दोन नारिंगी जॅकेटं तिच्यावर वाकली आहेत. चाळीस मिनिटांनी सुहासिनीताईंनाच काळजी वाटू लागली, पण तेवढ्यात मावशी सुरू झाली.

सुमंत धक्क्यावर उतरला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. पांढऱ्या शर्टावर ऑइलचा पंजा उमटला होता.

"अगं बाई," सुहासिनीताई म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तू दुरुस्त केलीस?"

"नाही, यांनी केली होती," सुमंत मयुराकडे पाहत म्हणाला. "मी विचारलं, बंद का पडत नाही? या म्हणाल्या, मीच दुरुस्त केली. म्हटलं, आत काय असतं ते मला दाखवा. मी माणसांच्या आतलं रोज पाहतो, मशीनच्या आतलं कधी पाहिलंच नव्हतं."

सुहासिनीताईंना यातलं काही समजलं नाही, पण मुलगा एका दमात एवढं कधी बोलत नसे, तेवढं मात्र त्यांना समजलं. त्यांनी सिंधूताईंचा हात धरला आणि दोघी शेडमधल्या पत्रिका पाहायला गेल्या. सुमंत हात धुवायला नळाकडे गेला.

मयुरा बोट बांधत होती. विश्वनाथराव शेजारी जाऊन उभे राहिले. दर रविवारी बोट सोडताना किनाऱ्यावरच्या बापांना 'धीर धरा' सांगणारा हा माणूस दोरीची गाठ पाहत राहिला.

"बाबा, जुनी कॉइल फेकली तर नाही ना?"

त्यांनी खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली. मयुरानं ती उलटसुलट करून पाहिली.

"पुढच्या रविवारी कोणाचा कार्यक्रम हाये?"

"जरीपटक्यातल्या पार्टीचा. पोरगी शिक्षिका हाये."

"त्याच्या आधी परत लावून देईन. सगळ्यांनाच स्वतः बंद करता येत नाही." ती गाठ आवळत खाली पाहून हळूच म्हणाली, "आमचं जमलं."

"काय म्हणाली? ऐकू नाही आलं," विश्वनाथराव म्हणाले.

मशीन त्यांच्या कानातच होतं आणि पूर्ण आवाजावर होतं. मयुराला ते दिसत होतं. तरी ती उभी राहिली, त्यांच्या कानाजवळ आली आणि तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं.