घरात विचारून

रफूगाराच्या बायकोने तयार झालेला कोट खिडकीशी नेला. उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या डाव्या डोळ्याला कोट गर्द हिरवा दिसत होता आणि कोपरावरचे रफू चक्क तपकिरी. मोतीबिंदूच्या उजव्या डोळ्याला मात्र सगळे कसे एकजीव.

हा धागा तिनेच निवडला होता. दुकानातले सगळेच धागे ती निवडायची. नवऱ्याचा हात सुरेख, पण हिरवे आणि तपकिरी त्याला जन्मापासून एकच. लग्नानंतर त्याने हे फक्त तिच्या कानावर घातले होते. तिने ‘जुळतो’ म्हटले की मागचापुढचा विचार न करता त्याची सुई चालू.

“अहो, ऐकलंत का? हा धागा जुळत नाही.”

“हो, कोटवालाही सकाळी तेच म्हणून कोट इथेच ठेवून गेला,” सुई ओवता ओवता तो म्हणाला.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, जुळतो. घरात विचारून लावलाय.”

ती खुर्चीवर बसली. “आधीही कुणी म्हणालं होतं?”

“वर्षभरात चार-दोन जण. त्या वकीलबाई तर परत फिरकल्याच नाहीत.”

“आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत!”

“काय बोलायचं? ते एक म्हणतात, तू एक म्हणतेस. मला दोन्ही सारखंच. कुणाचं तरी धरायला हवं, तुझं धरलं.”

तिला त्याचा रागही आला आणि भरूनही आले. गिऱ्हाइके तिच्या डोळ्यांपायी तुटली होती, आणि हा शहाणा तिची बाजू घेऊन त्यांच्याशी हुज्जत घालत बसला होता.

“ते खरं बोलत होते. चुकत मी होते,” ती म्हणाली. “यापुढे मला नका विचारू. माझ्या दोन डोळ्यांचंच आपसात पटत नाहीये. समोरच्या शिंपीणबाईंना विचारत जा. त्यांची नजर चांगली आहे.”

रफूगाराने सुई खाली ठेवली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच घाबरल्यासारखा दिसला.

“चांगली आहे कशावरून?”

“मी सांगते ना.”

“मग झालं,” तो म्हणाला, आणि कोट खांद्यावर टाकून समोर निघाला.