रुळावरची करवत

गळ्यात व्हॅक्यूमचा पाइप, पिशवीत ड्रिलची बॅटरी आणि खिशात क्लॅम्प अशा थाटात मी दुकानात शिरले, तेव्हा विक्रेता हसला. हसू दे. घरजावई आणायचा म्हटल्यावर घरातल्यांशी त्याचं पटतंय का, हे आधीच बघून घेतलेलं बरं.

मला ट्रॅक सॉ हवी होती. फळीवर ॲल्युमिनियमचा रूळ ठेवायचा, क्लॅम्पने आवळायचा आणि करवत त्यावरून ढकलत न्यायची. हवी होती आत्यासाठी. तिने मला रंधा धरायला शिकवलं, आमची कार्यशाळा उभी केली, आणि आजारपणानंतर तिचा उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून तिने करवतीला हात लावला नव्हता. परवा म्हणाली, नुसता भुसा झाडायला मी कशाला येऊ, आता घरीच बसते. आत्याशिवायची कार्यशाळा मला नको होती.

विक्रेत्याने सगळ्यांत दांडगी करवत पुढे केली. तिला आमची बॅटरी बसेना. दुसरीच्या रुळाची खाच इतकी अरुंद, की क्लॅम्प आत जाईना. विक्रेता म्हणाला, मग क्लॅम्पही नवे घ्या की. म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिसरी दिसायला बेताचीच होती, पण बॅटरी खटकन बसली, क्लॅम्प खाचेत सरकला. भुसा ओढून घेणारा पाइप तेवढा सैल पडत होता, त्याला एक रबरी जोड मिळाला. तीच उचलली.

कार्यशाळेत आत्याने त्या करवतीकडे अशी नजर टाकली की दूध नासावं.

"रुळावर आगगाडी चालते, सुतार नाही," ती म्हणाली.

मी रूळ एका टाकाऊ फळीवर आवळला. या रुळाच्या कडेला रबराची पट्टी असते, मुद्दाम जरा जास्त रुंद. पहिल्या फेरीत पातं तिचा जास्तीचा भाग आपल्या मापाने कापून टाकतं. मग रबराची कड जिथे, तिथेच काप पडतो. ती पहिली फेरी मी आत्याला दिली. नवीकोरी वस्तू आणि आल्या आल्या कापायची, म्हणून ती कुरकुरली, पण करवत हातात घेतली. रबराची लांब फीत खाली पडली.

मग खरी फळी. मी पेन्सिलची रेघ मारली आणि रबराची कड तिला आतून भिडवली. आत्याने रूळ केसभर पुढे सरकवला. तिचा जुना दंडक आहे, अर्धी रेघ लाकडावर राहिली पाहिजे, तरच काप मापाला उतरला म्हणायचा. तिने करवत ढकलली. हात थरथरतच होता, पण करवत रुळाला धरून सरळ गेली.

फळीच्या कडेला अर्धी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत होती. आत्याने तिच्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाठ केली आणि नाक पुसलं. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"बघत काय बसलीस?" ती म्हणाली. "आगगाडी खोळंबलीय. पुढची फळी आण."