गाणं सरळ वाजतं तेव्हा

चुडामणने चपला डाव्या हातात घेतल्या, उजव्या हाताने कॉम्प्युटरच्या कीबोर्डची कळ दाबून गाणं सुरू केलं आणि अनवाणीच ओटा ओलांडला. फाटकाच्या कडीला त्याने सकाळीच तेल घातलं होतं, ती न वाजता उघडली. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी आल्यावर त्याने चपला पायात घातल्या. साठीला आलेला माणूस स्वतःच्याच घरातून चोरासारखा पळतो, हे कुणाच्या लक्षात आलं असतं तर हसू झालं असतं. गिरणीवाल्याने पाहिलं, पण त्याला वाटलं, भाऊंच्या चपलेचा अंगठा तुटला असेल.

घरात, मधल्या भिंतीपलीकडे, त्याची बायको प्रमिला खाटेवर पडून होती. दुखणं कमरेच्या हाडात शिरलं होतं. आता घरीच न्या, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून जळगावच्या त्या दोन खोल्यांमध्ये दोघंच राहत होती. मुलगी धुळ्याला दिलेली. तिचं सासरचं खटलं मोठं, तिला जमेल तेव्हा ती येऊन जायची.

चुडामण वरणगावच्या कारखान्यातून टाइपिस्ट म्हणून निवृत्त झाला होता. आता तो कॉलेजातल्या मुलांचे इंग्रजी प्रबंध घरी बसून टाइप करून देई. त्यासाठीचं यंत्र रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चांदने मिळवून दिलं होतं. चांदचा भाऊ युद्धाच्या धामधुमीत कुवेतहून पळून आला तेव्हा कपडे तिकडेच टाकून हे धूड बगलेत मारून घेऊन आला होता. टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर, तोही जुना. पण त्याला गाणं येत होतं. पडद्यावर चार रकाने दिसत, त्यांत सुरांची नावं एकाखाली एक लिहायची, की ती वर सरकत जात आणि एकेक सूर वाजत जाई. बासरीसारखा एक आवाज, ढोलकीसारखा एक, असे मोजके आवाज त्याच्या पोटात भरलेले होते. चुडामण भजनी मंडळात पेटी वाजवायचा. त्याने हौसेने एक चाल बसवली. संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होणारी.

गाणं मागे चालू ठेवून पुढे टायपिंग करता येई. फक्त यंत्राची दमछाक होई. अक्षरं उमटवताना गाणं किंचित अडखळायचं, ओळ संपली की चांगलंच ठेचकाळायचं.

"एका बैलाला दोन गाड्या जुंपल्या तुम्ही, भाऊ," चांद म्हणाला होता. "अडकणारच."

चुडामणने कंटाळून एकदा ते बंद केलं, तर आतून प्रमिलाचा आवाज आला होता.

"राहू द्या ना चालू. तुम्ही तठे शेतस असं वाटस."

आपण तिथे आहोत असं तिला वाटावं म्हणून ते चालू राहिलं. आणि चालू असतं म्हणूनच पुढे त्याला पळता येऊ लागलं.

पळून तो कुठे जाई? तर स्टेशनवर. तिथे करायचं काहीच नसे. सुरत पॅसेंजर लागली की जागेसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात, खिडकीतून टोपल्या कोंबत, आणि चुडामण बाकावर बसून ते टक लावून पाही. इथे कुणी आजारी नव्हतं. कुणाला कुशीवर वळवायचं नव्हतं. चहा घेऊन तो परत फिरे तेव्हा मन खात असे, आणि तरी दुसऱ्या दिवशी चार वाजले की पाय आपोआप चपलांकडे वळत. प्रमिलाला कळलं तर काय वाटेल, या विचाराने त्याला घास गोड लागत नसे.

एक मात्र होतं, प्रमिलाला फारसं दुखत नव्हतं. निदान चुडामण सगळ्यांना तसंच सांगे. मुंबईच्या वॉर्डात ती एकदाच मोठ्याने ओरडली होती. ते ऐकून चुडामण जिन्यात जाऊन भडाभडा ओकला आणि तिथेच पायरीवर बसून राहिला. आयाबाईने ते परत येऊन प्रमिलाला सांगितलं, हसत हसत. त्यानंतर तिच्या तोंडून कधी हूं की चूं निघालं नाही.

"ओरडतात का?" गल्लीतले डॉक्टर दर खेपेला विचारत.

"नाही हो. फार सोशिक आहे ती," चुडामण अभिमानाने सांगे.

त्या दिवशी केळीवरच्या रोगांचा एक जाडजूड प्रबंध समोर होता. चार वाजले तसं त्याने गाणं तेवढं ठेवून हात उचलले, चपला घेतल्या आणि उठता उठता तो परत बसला. सकाळी अंग पुसताना तिची मनगटं हातात आली होती, अगदी लहान मुलीच्या मनगटाएवढी झालेली. आज जाणं जिवावर आलं. कामातही लक्ष लागेना. चपला मांडीवर घेऊन तो नुसताच पडद्याकडे बघत राहिला. सुरांची नावं वर सरकत होती. गाणं कुठेही न अडखळता, सरळ वाजत होतं. ते पहिल्यापासून परत सुरू झालं, मग पुन्हा एकदा.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

आधी त्याला वाटलं, टीव्हीतच काही बिघडलंय. मग शब्द ऐकू आले.

"माय वं... माय... ली जाय ना माले..."

तो प्रमिलाचा आवाज होता आणि तसा त्याने कधीही ऐकला नव्हता. ती कण्हत नव्हती, ती रडत होती, तोंड उघडून, लहान मुलं रडतात तशी. मधेच थांबून धापा टाकी आणि पुन्हा सुरू करी. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईला ती, मला घेऊन जा, म्हणून हाका मारत होती. आत धावायचं म्हणून तो टेबलाचा आधार घेऊन उठायला गेला आणि त्याचा तळहात कीबोर्डवर पडला. केळीच्या रोगांमध्ये निरर्थक अक्षरांची रांग उमटत गेली. गाणं ठेचकाळलं.

रडणं जागच्या जागी थांबलं.

चुडामण अर्धवट उठलेला तसाच वाकून उभा राहिला. आत खाट करकरली, कुणीतरी नाक पुसलं. मग प्रमिलाचा रोजचा आवाज आला, जरा बसलेला, पण रोजचाच.

"चहा लिधा का तुम्ही?"

त्याने खाली पडलेल्या चपला पायाने टेबलाखाली सारल्या.

"लेस आते," तो म्हणाला. "बरं शे ना तुले?"

"बरं शे. बठ्ठं बरं शे."

तो खुर्चीत बसला आणि टाइप करू लागला. काय टाइप करतोय ते त्याचं त्याला कळत नव्हतं. तेल घातलेली कडी, अनवाणी पावलं, सगळ्या चलाख्या वाया गेल्या होत्या. गाणं सरळ वाजू लागलं की हे गेले, एवढं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती दिवसभर त्या घटकेची वाट पाहत होती.

सकाळी तो डॉक्टरांकडे गेला.

"ओरडते," तो म्हणाला. "मी नसतो तेव्हा."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. "एक गोळी वाढवू. पण भाऊ, याच्या पुढचं औषध आपल्याकडे मिळत नाही. फार आशा धरू नका."

पुढचे काही दिवस चुडामण घराबाहेर पडला नाही. त्याने ठरवलं होतं, आता आपण तिच्याजवळच बसायचं. प्रबंध बाजूला ठेवून तो खाटेशी स्टूल घेऊन बसे, तिचा हात हातात घेई, धुळ्याच्या नातीच्या गोष्टी सांगे. प्रमिला हसून मान हलवी. हसताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असत. नवी गोळी घेऊन फरक पडला का, विचारलं तर म्हणे, "हो, पडना ना." एके दुपारी तिचा पदर सारखा करताना त्याच्या हाताला ओलं लागलं. पदराचं टोक चावून चावून चिंधी झालं होतं. त्याने ते बोटांत धरून पाहिलं, तिने ते हळूच सोडवून घेतलं आणि पाठीखाली सारलं. आपण जवळ असणं हेच हिला सगळ्यांत जड जातंय, हे चुडामणला कळलं आणि त्याला इतकं वाईट वाटलं की तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो तिच्या उशाशी येऊन उभा राहिला. स्वच्छ सदरा घातला होता.

"मी जरासा बाहेर जाई येस. स्टेशनपावत. वेळ लागी माले."

प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"जा," ती म्हणाली. "सावकाश या."

तो बाहेरच्या खोलीत आला. त्याने गाणं सुरू केलं आणि दाराकडे वळला.

"आयका," आतून हाक आली. "शेजारनी कमलबाई अंगणमा बसेल व्हई. गाणाना आवाज जरासा मोठा करी जा."

चुडामण परत फिरला आणि त्याने टीव्हीचं बटण फिरवलं. बासरी खोलीभर झाली.

"इतला?" त्याने विचारलं.

"आखो थोडा," प्रमिला म्हणाली.