पहिल्या गिअरातली लाइन

आमच्या ह्यांना गॅसच्या लाइनीत उभं राह्यची भारी हौस. कुनाला पत्त्यांचा नाद असतो, कुनाला कुस्त्यांचा, ह्यांना लाइनीचा. पंपावर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली दिसली की दुसरा मानूस तिथनंच गाडी वळवील. आमचं मानूस शेवटच्या गाडीमागं जाऊन हँडब्रेक वढनार आन् वर म्हननार, "आज लई न्हाई गर्दी."

आता तुमीच सांगा, आमची व्हॅन गॅसवर बी चालती आन् पेट्रोलवर बी. पेट्रोलची मशीन त्याच पंपावर, पलीकडच्या अंगाला, मोकळी. तिथला मानूस गिऱ्हाइकाची वाट बघून जांभया देतोय. मी म्हनायची, "अहो, घाला की आजच्या दिवस पेट्रोल."

"गॅस स्वस्त पडतो गं."

"आन् माझा टाइम? तो काय फुकटचा हाय व्हय? दोन-दोन तास बसून वाचवायचं काय, तर मेथीच्या जुडीचं पैसं!"

ह्यावर हे नुसतं हसायचे. ह्यांचं हसू बघितलं की माझी तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात दार उघडून हे खाली उतरनार, म्होरच्या रिक्षावाल्या बन्सीशी गप्पा हाननार आन् मी एकटी गाडीत, हात मांडीवर ठेवून बसलेली.

मला असं बसायची सवय न्हाई. माझा डब्यांचा धंदा हाय. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आलेली पोरं खोल्या करून राहत्यात, त्यांना मी दोन वेळचं जेवन देते. कुनी नांदेडचं, कुनी बिहारचं, समदी आयांना सोडून आलेली. चार डब्यांवर सुरू केलं हुतं, आता आमच्या व्हॅनची मागची सीट काढावी लागली येवढं डबं झालं. शेजारची रंगुबाई चपात्या लाटायला येती, भाज्या माझ्या हातच्या, आन् गाडी ह्यांची. कारखान्यातनं रिटायर झाल्यावर ह्यांनी ती जुनी घेतली. जन्मात पहिल्यांदा मी सोताचं म्हनून काहीतरी उभं केलंय, उगं सांगत न्हाई. पन ह्या धंद्यात उशीर चालत न्हाई. मागं दोनदा जेवन उशिरा पोचलं, तर एका खोलीतली पाचच्या पाच पोरं दुसऱ्या खानावळीला गेली. आजून एखादी खोली गेली की रंगुबाईला काम सोड म्हनावं लागंल, मंग मी बी किती दिवस टिकनार? म्हनून मला लाइनीचा राग.

आधी हे एकटेच जायचे. मंग उन्हाळ्यात एक दिवस म्हनले, "बना, तू बी चल रोज. पोरांकडं पैसं मागायला माझी जीभ वळत न्हाई." हे खरंच हुतं, पोरानं तोंड बारीक केलं की हे उलट त्यालाच चहा पाजनार. म्हनून मी जायला लागले. दुपारचं डबं वाटून येताना गॅसची लाइन ठरलेली.

तर असंच एकदा बसले हुते. लाइन हालली. मागनं हॉर्न सुरू झाले, आन् हे पार तिकडं चहाच्या टपरीवर. तिथनंच वरडले, "बना, जरा पुढं घे गं!"

"मी काय डायवर हाय का?"

"चावी फिरव. डाव्या पायानं क्लच दाब, पहिला टाक, आन् हळूच सोड!"

मी रागाच्या भरात बसले की तिकडच्या सीटवर सरकून. म्हनलं, मोडू दे गाडी, मंग कळंल ह्यांना. चावी फिरवली, पाय सोडला, आन् गाडीनं बेडकासारखी उडी मारली आन् बंद पडली. मी डोळं मिटून घेतलं. उघडून बघते तर बन्सी खिडकीशी उभा. "झकास, वैनी! आता पाय लोन्यावर ठेवल्यासारखा सोडा."

आता गं बया, लोन्यावर कोन पाय ठेवतं? पन सोडला. गाडी दहा फूट पुढं गेली आन् मी ती थांबवली. मी थांबवली! त्या दिवशी घरी येऊन रंगुबाईला चपात्या लाटता लाटता तीनदा सांगितलं.

मंग तसंच पडत गेलं. लाइन आली की हे खाली उतरायचे आन् गाडी मी सरकवायची. दहा फूट, थांब. दहा फूट, थांब. पहिल्या गिअरपलीकडं काही न्हाई. हळूहळू वळन बी जमलं, पंपात शिरायचं, मशीनीला लावायचं. लाइनीतली मानसं तशी चांगली, पन येंधळी. माझ्या म्होरचा कायम गाडीभर जागा सोडूनच उभा, मागचा बी तसाच लांब. मी म्हनायची, काय लोक हायेत, जागा हाय तर सरकावं का न्हाई मानसानं?

एक दिवस हे मला नगरला घेऊन गेले आन् माझं शिकाऊ लायसन काढलं. म्हनले, "असू दे, ओळख दाखवायला उपयोगी पडतं." बन्सीनं लाल कागदाचा एल कापून आमच्या मागच्या काचंला चिकटवला. मी वरवर चिडले, पन येता-जाता बघून घ्यायची तो एल.

ह्यांचं मात्र अलीकडं ध्यान ठिकान्यावर नसायचं. शेजारी ठेवलेला चहाचा गिलास हात लागून सांडायचा. दाराच्या कडंला उभ्या रंगुबाईला जाऊन धडकले, ती पिठाच्या परातीसकट खाली. मी तोंड सोडायची, "डोळं हायेत का बटनं?" हे सकाळ-संध्याकाळ डोळ्यात औषधाचं थेंब घालायचे. विचारलं तर म्हनले, रस्त्याची धूळ जाती.

त्या दिवशी आमाला निघायलाच उशीर झाला. थंडीचं दिवस, सूर्य लगबगीनं खाली चाललेला. रातचं डबं भरून गाडीत ठेवलेलं, वांग्याच्या रश्श्याचा वास सुटलेला, आन् ह्यांनी गाडी कुठं घालावी? लाइनीत!

"अहो, येड लागलंय का? डबं हायेत गाडीत!"

"काटा खाली आलाय."

"मंग पेट्रोल घाला! हात जोडते तुमाला."

"बस गं. हालंल लाइन."

कसली हालतीय! गॅसला प्रेशर नव्हतं. एकेका गाडीला येवढा वेळ की मानूस म्हातारं होईल. मी ह्यांच्याशी बोलनंच टाकलं. गाडी सरकवत गेले, दहा फूट, थांब. मोबाईलवर पोरांचं फोन यायला लागलं, "मौसी, खाना?" त्यांच्या खोलीखालीच नवी खानावळ निघालेली, वर बोर्डाला लाइटिंग.

शेवटी नंबर आला. गॅस भरताना गाडीतल्या समद्यांनी खाली उतरायचं असा नियम हाय, म्हनून आमी दोघं उतरून बाजूला उभे राहिलो. टाकी फुल्ल झाली. मी पळत येऊन डाव्या बाजूचं दार उघडलं, तर हे तिथं आधीच बसलेले.

"सरका तिकडं. चालवा लवकर."

"तू चालव," हे म्हनले.

"चेष्टेची ही येळ हाय का?"

"बना, मला जमायचं न्हाई."

चाळीस वर्सांत हा मानूस मला जमायचं न्हाई असं कधी म्हनला न्हाई.

"काचबिंदू हाय डोळ्यात," हे म्हनले. "समोरचं दिसतं, कडंचं दिसत न्हाई. उन्हाळ्यातच डॉक्टर बोलला हुता, पुढंमागं गाडी सोडावी लागंल. परवा म्हनला, आता दिवस मावळल्यावर स्टेरिंगला हातच लावायचा न्हाई. लाइन हालंल, आज उजेडातच पोचू वाटलं हुतं."

मी दार धरून तशीच उभी. मागनं एकानं बी हॉर्न वाजवला न्हाई.

"मंग सांगायला काय झालं हुतं? मी काय परकी हाय?"

"तू धंदाच बंद केला असतास. म्हनली असतीस, खड्ड्यात गेलं डबं, तुमी घरी बसा. आन् मंग माझ्यापायी तुझं समदं गेलं असतं. म्हनलं, आधी तुला गाडी येऊ दे, मंग सांगू."

"आन् शिकवायला ही लाइनच घावली? शाळंचं मैदान काय लहान पडलं हुतं?"

"तू आली असतीस मैदानावर?" हे म्हनले. "तुझं हात कधी मोकळं असत्यात का, सांग. पीठ, भाजी, डबं, भांडी. इतक्या वर्सांत तुला रिकामं बसलेलं मी फक्त ह्या लाइनीत बघितलं."

मला रडूच आलं. पंपाच्या मधोमध, समद्या लोकांत. राग बी तेवढाच आला. ह्या मानसाला धरून हलवावं का पोटाशी घ्यावं, काही कळंना.

तेवढ्यात बन्सी आला. त्याची रिक्षा आमच्या मागं, आता त्याचाच नंबर. "वैनी, निघा. डबं गार होतील."

"तुला म्हाईत हुतं?"

बन्सीनं मान खाली घातली. "समद्यांनाच म्हाईत हुतं. ह्या तात्यांनीच सांगितलं हुतं, बना शिकतीय, जरा जागा सोडत जा म्हनून."

म्हंजी ती येंधळी मानसं येंधळी नव्हतीच. उन्हाळ्यापासनं आख्खी लाइन मला जागा सोडत हुती.

"मला पहिलाच गिअर येतो रे," मी म्हनलं.

"गिअर मी टाकतो," हे म्हनले. "तू क्लच दाब आन् समोर बघ."

मी बसले. पंपाच्या तोंडाशी आले आन् गाडी थांबवली. संध्याकाळची शिफ्ट सुटलेली, बसा काय, मोटारसायकली काय. तेवढ्यात बन्सीची रिक्षा सू करून माझ्या म्होरं आली आन् इंडिकेटर लावून हळूहळू चालायला लागली. आरशात बघते तर मागं, लाइनीत बन्सीच्या पाठीमागं उभ्या पुंजारामचा भाजीचा टेम्पो, त्याचं बी दोन्ही दिवे लुकलुकत हुते. कुनाला मधी घुसू देईना.

पंपापासनं खोल्यांपर्यंत सर्विस रोडच हाय, पन मला तो नगर ते पुन्यायेवढा वाटला. हे म्हनायचे, "दाब." मी दाबायची, हे दुसरा टाकायचे. "सोड." परत "दाब," की तिसरा. लग्नात धरला नसंल तेवढा ह्यांचा हात त्या दिवशी माझ्या हाताला लागत हुता. मधी एक कुत्रं आडवं आलं. ह्यांना दिसलं न्हाई, मला दिसलं. मी ब्रेक मारला, डबं खडखडले, पन झाकनं निघाली न्हाईत.

खोल्यांपाशी पोरं बाहेरच उभी हुती. गाडीतनं मी उतरताना बघून त्यातलं एक टाळ्याच वाजवायला लागलं. "मौसी ड्रायव्हर!" उशीर झाला हुता, पन एक बी डबा मागं आला न्हाई. माझा जीव भांड्यात पडला.

डबं वाटून झाल्यावर मंग माझ्या डोक्यात परकाश पडला. बन्सी आन् पुंजाराम गाड्यांना टेकून उभे हुते. मी म्हनलं, "अरं, तुमी गॅस भरला का?"

"भरू की आता."

"नंबर तर आला हुता ना तुमचा?"

"परत लावू," पुंजाराम म्हनला. "लाइन कुठं पळून चाललीय?"

त्या स्वस्ताच्या गॅससाठी दोघं आमच्यायेवढेच ताटकळलेले. मशीनीपाशी पोचलेला नंबर सोडून माझ्या म्होरं-मागं चालत आले हुते, आन् आता परत रांगेच्या टोकाला जानार, उपाशी. ही माझ्या मेथीच्या जुडीयेवढी गोष्ट नव्हती.

मी आमच्या दोघांसाठी बांधलेला डबा काढला, चौघांना पुरावं म्हनून पोरांकडनं दोन चपात्या उसन्या मागून घेतल्या आन् गाडीत बसले. "दाब," हे म्हनले. मी आधीच दाबला हुता.

पंपावर आलो. बन्सीची रिक्षा शेवटच्या गाडीमागं लागली, तिच्यामागं पुंजाराम, आन् त्याच्यामागं मी. गाडीभर जागा सोडून.

ह्यांनी काट्याकडं वाकून बघितलं. "अगं, टाकी फुल्ल हाय आपली!"

"म्हाईत हाय," मी म्हनलं आन् हँडब्रेक वढला. "गप बसा. आज लई न्हाई गर्दी."